ठिपक्यांच्या जागा

साहित्याच्या अभ्यासात हल्ली ठिपके आणि रेघांची जालचित्रे येऊ लागली आहेत. मधोमध बसलेला ठिपका वाचकाला आपोआप थोर वाटतो. त्याला तिथे कोणत्या नियमाने बसवले, हे मात्र क्वचितच छापलेले असते.

आमच्याकडचेच उदाहरण घेतो. दौंड जंक्शनातून पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार बाजूंना रूळ जातात. शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, रेल्वे नाही. गावे हे ठिपके आणि लोहमार्ग या रेघा धरल्या, तर फ्रुख्टरमन-राइनगोल्ड पद्धतीत (१९९१) प्रत्येक ठिपका दुसऱ्याला ढकलतो आणि रेघ तेवढी जवळ ओढते. दौंड मध्यात येते, शिरूर कागदाच्या कडेला जाऊन पडते. कामादा-कावाई पद्धत (१९८९) दोन ठिपक्यांमधल्या वाटेच्या टप्प्यांवरून अंतर ठरवते. शिरूरला वाटच नाही, त्यामुळे हाताने एखादा आकडा भरल्याशिवाय तिचे गणित पुढे सरकत नाही. आता रेघ म्हणजे डांबरी रस्ता धरा. न्हावरा-चौफुला रस्त्याने शिरूर लगेच आत येते. गाव हलले नाही, रेघेचा अर्थ तेवढा बदलला.

संतांच्या चित्रात हे अधिक महागात पडते. सुगियामा आणि सहकाऱ्यांची १९८१ची पद्धत थर पाडते. गुरुपरंपरेला ती शोभते: विसोबा खेचर, खाली नामदेव, त्याखाली जनाबाई. पण अभंगात एका संताने दुसऱ्याचे नाव घेणे ही रेघ मानली, तर लेकुरवाळ्या विठूच्या एकाच अभंगातून जनाबाईच्या ठिपक्याला कितीतरी रेघा फुटतात आणि ती तळातून उठून घोळक्यात येते. शिवाय तो अभंग स्वतःच एक मांडणी आहे. विठ्ठल मधे, संत त्याच्या अंगाखांद्यावर आणि भोवती. गुरुशिष्यांची उतरंड तिथे नाही. जनाबाईला केवळ ‘नामयाची दासी’ म्हणून खालच्या थरात ठेवणारे चित्र मला म्हणूनच एकांगी वाटते.

ओढ-ढकलीच्या पद्धती बहुधा ठिपके वाटेल तसे विखरून सुरुवात करतात. तेव्हा तेच चित्र दहा वेळा काढावे. दर वेळी जागा बदलणाऱ्या ठिपक्याच्या जागेवरून निष्कर्ष काढू नये.

मांडणीच्या आधीचा घोटाळा निराळाच. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरचे ‘शिरूर’ छापले गेले, की तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई थेट आमच्या घोडनदीकाठी येऊन बसतात. तिथे कोणताही अल्गोरिदम निवडा, त्या हलत नाहीत.