रत्नांकित अंड्यातील जहाज

रशियन राजघराण्यासाठी कार्ल फाबेर्जे यांच्या सेंट पीटर्सबर्ग येथील पेढीने घडविलेल्या ईस्टरच्या अंड्यांविषयी जे लिहिले जाते, त्यात हिरे किती आणि लिलावात किंमत किती आली, याचाच हिशेब बहुधा असतो. कलाकृतीचा विचार तेथे सुरूच होत नाही. १८८५ ते १९१६ या काळात अशी ५० अंडी प्रथम तिसऱ्या अलेक्झांडरला व त्याच्यामागून दुसऱ्या निकोलासला सादर झाली. त्यांपैकी एकाचा संबंध आपल्या पश्चिम किनाऱ्याशी आहे. त्याच्याच आधारे हा विचार येथे मांडत आहे.

ईस्टरला रंगविलेली अंडी परस्परांना देण्याची रीत रशियातील शेतकऱ्यांच्या घरीही होती. १८८५ चे पहिले राजअंडे त्या रीतीला धरून साधेच होते. बाहेर पांढऱ्या मीनाकामाचे कवच, आत सोन्याचा बलक आणि बलकात सोन्याची कोंबडी. पुढे प्रत्येक अंड्याच्या पोटी काही अनपेक्षित वस्तू असावी, असा संकेतच रूढ झाला. तेव्हा या कलाप्रकाराची पारख कवच आणि आतील वस्तू यांच्या नात्यावरून करावयास हवी.

१८९० मध्ये युवराज निकोलास पूर्वेच्या प्रवासास निघाला. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज त्याच्यासोबत होता. त्यांच्या युद्धनौकेचे नाव ‘पाम्यात आझोवा’, म्हणजे ‘आझोवची स्मृती’. डिसेंबर १८९० मध्ये ती मुंबईस पोहोचली. जॉर्जची प्रकृती ढासळली आणि त्याला मुंबईहूनच माघारी पाठवावे लागले. पुढे १८९९ मध्ये क्षयाने त्याचा अंत झाला. नौका मात्र निकोलासला घेऊन पुढे गेली. ३ मे १८९१ रोजी रशियन ईस्टरला अलेक्झांडरने पत्नी मारिया फ्योदोरोव्हना हिला जे अंडे दिले, त्यात हीच नौका होती.

हे अंडे आज मॉस्कोच्या क्रेमलिनमधील शस्त्रागार संग्रहालयात आहे. त्याची उंची दहा सेंटिमीटरांहूनही कमी. कवच हेलिओट्रोप या लाल ठिपक्यांच्या गडद हिरव्या दगडाचे. त्यावर पंधराव्या लुईच्या काळातील फ्रेंच वळणाची सोन्याची वेलबुट्टी आणि हिरे. स्पष्टच सांगायचे तर येथे कारागिरी दगडावर कुरघोडी करते. त्या दगडाचे मूळचे गांभीर्य वेलबुट्टीखाली दबून जाते.

अंडे उघडले की चित्र पालटते. अ‍ॅक्वामरीन या निळसर रत्नाचा समुद्र आणि त्यावर सोन्याची व प्लॅटिनमची नौका. खिडक्यांच्या जागी बारीक हिरे, मागील बाजूस कोरलेले नाव. येथे सोने मिरवत नाही, ते जहाजाचे रूप घेते. कवचात दरबार दिसतो, आत निरीक्षण दिसते. माझ्या मते या कृतीचे मोल दुसऱ्या गोष्टीत आहे.

एक आक्षेप मात्र उरतो. हा समुद्र कायमचा शांत आहे. ज्या आईच्या हाती हे अंडे आले, तिचा एक मुलगा या नौकेवरून आजारी होऊन परतला होता. भेटीनंतर अवघ्या आठ दिवसांनी, ११ मे रोजी, जपानमधील ओत्सु येथे दुसऱ्यावर तलवारीचा वार झाला. तो बचावला. या चिंतेचा मागमूसही अंड्यात नाही, आणि तो असावा अशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. भेटवस्तूचा धर्म दिलासा देण्याचा असतो. पण तीच तिची मर्यादाही ठरते, हे समीक्षकाने नोंदविले पाहिजे.

आता घडविणाऱ्याकडे वळू. फाबेर्जे स्वतः अंडी घडवीत नसत. हे अंडे मिखाईल पेर्खिन या शेतकरी कुटुंबातून आलेल्या कारागिराच्या कार्यशाळेत तयार झाले. पेढीच्या प्रमुख कारागिरांना कामावर आपली आद्याक्षरे उमटविण्याची मुभा होती. म्हणूनच आज पेर्खिन यांचे नाव घेता येते.

गोव्यात याहून जुने एक उदाहरण आहे. सतराव्या शतकात येथील जेझुइटांनी कस्तुरी, मोती, प्रवाळ आदी द्रव्यांचे औषधी गोळे बनविले. ‘गोव्याचा दगड’ म्हणून युरोपातील श्रीमंत ते खरवडून पेयात घालून घेत. त्यासाठी सोन्याच्या जाळीचे गोलाकार डबे घडविले गेले. असा एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या जाळीतून आतला गोळा दिसतो. कवच आणि गाभा यांचा मेळ तेथे आझोवच्या अंड्याहून अधिक साधला आहे. गोळ्यांशी गास्पार आंतोनियु या जेझुइट बंधूचे नाव निगडित आहे. जाळी विणणाऱ्या सोनाराचे नाव मात्र कोणाच्या ओठी नाही.

आपल्याकडेही देवालयातील प्रभावळीवर दात्याचे नाव असते, घडविणाऱ्याचे क्वचितच. घरातील वडिलोपार्जित दागिना कोणत्या शेटाने घडविला, हे सांगणाऱ्या वृद्धा अजून काही घरांत आहेत. ती नावे लिहून ठेवावीत. वस्तूची समीक्षा तिच्या वजनापासून सुरू न होता घडविणाऱ्या हातापासून सुरू व्हावी, एवढीच अपेक्षा.