‘रिकामे’ पिंप आणि सूचनेचे व्याकरण

बेंजामिन ली व्होर्फ हा अमेरिकन भाषाभ्यासक हार्टफर्ड येथील एका अग्निविमा कंपनीत आगप्रतिबंधाचे काम पाहत असे. त्या अनुभवातून त्याने दिलेल्या उदाहरणांपैकी पेट्रोलच्या पिंपांचे उदाहरण विशेष प्रसिद्ध आहे. १९४१ साली सपीरच्या स्मृतिग्रंथात आलेल्या निबंधात ते आढळते. भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ मात्र खुशाल धूम्रपान करतात. वस्तुतः ओतून घेतलेल्या पिंपात पेट्रोलची वाफ हवेत मिसळून राहते आणि स्फोटाचे भय तेथेच अधिक असते.

भाषा वर्तनाला वळण लावते, हा व्होर्फचा निष्कर्ष या उदाहरणापुरता सिद्ध होत नाही. वाफेचे ज्ञान असलेला मनुष्य ‘रिकामे’ हाच शब्द वापरूनही तेथे काडी पेटविणार नाही. दोष शब्दाचा की अज्ञानाचा, हा प्रश्न उरतोच. तथापि सूचना लिहिणाराने हा वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माल संपलेले आणि आत काहीच नसलेले, हे दोन्ही अर्थ मराठीतील ‘रिकामे’ या शब्दालाही आहेत. ‘रिकामी पिंपे’ या फलकाऐवजी ‘आत पेट्रोलची वाफ आहे, काडी पेटवू नका’ असा फलक हवा.

मराठी सूचनांची खरी अडचण मात्र शब्दापेक्षा वाक्यरचनेत आहे. बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही सूचना लावाव्यात, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने सांगितले होते. परंतु भाषा समजणे निराळे आणि वाक्य समजणे निराळे. ‘दाब शून्य झाल्याची खात्री केल्याशिवाय झाकण उघडण्यात येऊ नये’ हे वाक्य घ्यावे. यात निषेध दोनदा आला असून मुख्य निषेध अगदी शेवटी आहे. शिवाय ‘खोटे बोलू नये’ या उपदेशात जे ‘नये’, तेच येथे. आज्ञेची धार त्यास नाही. (बॉयलरला ‘बाष्पक’ म्हटल्याने होणारा घोटाळा याहून किरकोळ होय, नवा शब्द निदान विचारून घेता येतो.)

क्रियांचा क्रम सांगण्याची उत्तम सोय मराठीच्या ‘ऊन’-प्रत्ययान्त धातुसाधितांत आहे. ‘वाफेचा व्हॉल्व्ह बंद करून दाब उतरवा. काटा शून्यावर आल्यावरच झाकण उघडा.’ येथे शब्दांचा क्रम तोच हातांचा क्रम आहे. ‘झाकण उघडण्यापूर्वी’ अशा प्रारंभात शेवटची क्रिया आधी डोळ्यांपुढे येते. अर्थात ‘ऊन’ची साखळी लांबली की मधली कडी गळते, दोन-तीन क्रियांनंतर वाक्य तोडलेच पाहिजे.

सर्वांत घातक आहे तो कर्त्याचा लोप. ‘पाळी बदलताना व्हॉल्व्ह तपासण्यात यावा’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण सुटणारा कामगार ते येणाऱ्याचे काम समजतो आणि येणारा सुटणाऱ्याचे. ‘सुटणाऱ्या पाळीच्या फिटरने व्हॉल्व्ह तपासलाच पाहिजे’ असे लिहिण्यास एक शब्द अधिक लागतो, इतकेच.