डोळा जमिनीवर, मन कुठे?

मंडळी, गिरडच्या टेकडीवर आपण कधी ना कधी चढलेलो आहोत. बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्याकडे जाताना गर्दीतल्या माणसाची नजर कुठे असते? हे मोजणारं यंत्र आता आलं आहे, आणि त्यावरून काढलेल्या अनुमानांबद्दल आमची तक्रार आहे.

यंत्र म्हणजे एक चष्मा. त्यातले बारीक कॅमेरे बुबुळाची हालचाल टिपतात, आणखी एक कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो. मग पडद्यावर ठिपका दिसतो, नजर इथे आहे म्हणून. बारीक तपशील आपल्याला दिसतो तो फार लहान भागात, हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढाच. म्हणून डोळा सारखा उड्या मारतो. रशियातल्या आल्फ्रेड यार्बुस यांनी डोळ्यावरच एक छोटी टोपी चिकटवून (बसणाऱ्यांची कमाल म्हणायची!) हे नोंदवलं. चित्र तेच ठेवलं, पण प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलायची. त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. म्हणजे माणूस काय शोधतो आहे हे माहीत असेल तरच नजरेच्या रेषेला अर्थ आहे.

आता २०१० सालचा किताझावा आणि फुजियामा यांचा अभ्यास घ्या. चालणाऱ्यांची नजर अडथळ्यांपेक्षा जमिनीवर जास्त वेळा जाते, असं त्यांना आढळलं. जमिनीवरचे धोके हेरण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. निरीक्षण चोख आहे. कारण मात्र ठिपक्यात नाही, ते अभ्यासकाने जोडलेलं आहे.

आपल्या टेकडीवर बघा. इथे गोल गोल दगड सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्यांची आख्यायिका. तर एकजण पाय घसरू नये म्हणून खाली पाहतो. दुसरा असा दगड मिळतो का म्हणून पाहतो. तिसऱ्या बाईने मान खाली घातली आहे ती नवसाच्या विचारात, तिला जमीन दिसतच नाही. चष्मा तिघांनाही एकच ठिपका देणार!

आपल्या नैयायिकांना हे ठाऊक होतं, बरं का. डोळा आणि वस्तू यांचा संबंध आला तरी मन तिथे नसेल तर ज्ञान होत नाही, असं ते मानत. मनाचा संयोग मोजणारा कॅमेरा अजून निघालेला नाही.

सगळंच टाकाऊ आहे असं आम्ही म्हणत नाही. पाटी कुणाच्या नजरेस पडते, बाहेरचा रस्ता शोधताना लोक कुठे अडखळतात, हे या चष्म्याने कळेल. जपानमध्ये मुराकामी आणि सहकाऱ्यांनी समोरासमोरून येणारे दोन गट चालवले, एका गटातल्या तिघांच्या हातात मोबाईल दिले. तेवढ्याने आपोआप पडणाऱ्या रांगा पडायला वेळ लागला. २०२१ चा हा प्रयोग आम्हाला आवडला, कारण त्यात एकट्याचा डोळा नाही, एकमेकांचा अंदाज घेणं तपासलं आहे.

पण हे सगळं मोकळी जागा असेपर्यंत. जॉन फ्रुइन यांनी लिहून ठेवलं आहे की चौरस मीटरमध्ये सातएक माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहते, पाऊल कुठे पडेल हे माणसाच्या हाती राहत नाही. तिथे नजरेला समोरच्याची पाठ दिसते, बस. वाट कळते ती खांद्याने, कोपराने, लेकराचं मनगट धरलेल्या हाताने. २५ जानेवारी २००५ ला साताऱ्याच्या मांढरदेवीला अडीचशेहून जास्त माणसं गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या एखाद्याने पाहिल्या असतील, पण मागचा रेटा असताना पाहून थांबणार कसा?

म्हणून असा चष्मा कुणी गिरडला आणलाच, तर तो पायऱ्यांवरच्या पुढच्या माणसालाच घालू नये. सर्वांत मागच्यालाही घालावा. रेटा तिथून येतो, आणि पुढे कुणी पडलं आहे हे त्याला दिसत नाही.