'लंब' आणि 'अभिलंब' : एक संज्ञाविचार

संगणकीय आरेखनाच्या मराठी विवेचनात पर्पेंडिक्युलर आणि नॉर्मल या दोन भिन्न संज्ञांसाठी पुष्कळदा 'लंब' हा एकच शब्द योजिला जातो. सपाट पृष्ठाचा विचार चालू असेपर्यंत या शैथिल्याने फारसे बिघडत नाही. वक्र पृष्ठावर छिद्रांची मालिका रचावयाची असता मात्र त्याचे मोल द्यावे लागते.

'लंब' या शब्दाच्या मुळाशी लोंबणे या अर्थाचा 'लम्ब्' हा धातू आहे. गवंड्याचा 'ओळंबा' त्याच कुळातील. 'लीलावती'त (इ. स. ११५०) त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून भूमीवर येणारी रेषा ती 'लंब'. लॅटिनमधील पर्पेंडिक्युलम म्हणजेही ओळंबाच. उलट, नॉर्मलच्या मुळाशी असलेला नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. ओळंब्याची दिशा पृथ्वी ठरविते. गुण्या ज्या फळीला लावावा तिच्यावरून आपली दिशा घेतो. दोन संकल्पनांतील सगळा भेद या दोन साधनांत साठविलेला आहे.

सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालीत एका छिद्राची सरळ रांग, म्हणजे लिनिअर पॅटर्न, काढली असता मूळ छिद्राची दिशा जशीच्या तशी पुढे नेली जाते. १०० मि.मी. त्रिज्येच्या अर्धगोलाकार घुमटावर शिखरापाशी पहिले छिद्र घेतले, तर अक्षापासून ५० मि.मी. अंतरावरील छिद्र तेथील अभिलंबाशी ३० अंशांचा कोन करते. १० मि.मी. व्यासाच्या छिद्राचे तोंड तेथे लांबट होऊन सुमारे ११.५ मि.मी. भरते, स्क्रूचे डोके एका कडेवरच टेकते. अंतरेही ढळतात. २५ मि.मी.च्या समान टप्प्यांपैकी पहिला पृष्ठावर सुमारे २५.३, तर तिसरा ३२.४ मि.मी. होतो.

येथे यंत्र चुकले असे म्हणता येत नाही. ओळंबा मागितला, ओळंबा मिळाला. दंडगोलावर अक्षाभोवती फिरविलेली वर्तुळाकार मालिका पुरते. कारण फिरविताना छिद्र व पृष्ठ यांचा परस्परसंबंध अबाधित राहतो. मुक्त वक्रतेच्या पृष्ठावर ही सोय नाही. तेथे पृष्ठावरील वक्ररेषेच्या अनुरोधाने मालिका रचून 'टॅन्जंट टू कर्व्ह' ही मांडणी स्वीकारावी लागते आणि 'फेस नॉर्मल' म्हणून ते पृष्ठ दाखवावे लागते. म्हणजे प्रत्येक बिंदूशी गुण्या नव्याने लावावा लागतो.

'लंब' रूढ आहे, मग नवी संज्ञा कशाला, हा आक्षेप टिकणारा नाही. गणितातील 'अभिलंब' नवा नव्हे. शालेय प्रकाशशास्त्रातील 'स्तंभिका' तर आरशाच्या पाठातून विद्यार्थ्याच्या परिचयाचीच असते. 'अभि' या उपसर्गात संमुखतेचा, म्हणजे कशाच्या तरी अपेक्षेने असण्याचा, अर्थ आहे. येथे हवा आहे तो नेमका हाच. उणीव शब्दांची नसून काटेकोर योजनेची आहे.

२०२१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी भारतीय भाषांतून शिकविण्याची मुभा मिळाल्यापासून हा प्रश्न केवळ कोशकारांचा उरलेला नाही. मराठीतून शिकणाऱ्याला ओळंबा आणि गुण्या यांसाठी एकच नाव दिले, तर त्याची भाषा गरीब ठरेल. आणि दोष मात्र मराठीच्या माथी येईल.