नावाकडे चालत जाणारा प्रश्न

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्विझबोलमध्ये टॉसअप नावाचा पाच-सहा ओळींचा प्रश्न असतो. मला तो एक स्वतंत्र लेखनप्रकार वाटतो. एसीएफ या स्वयंसेवकांनी चालवलेल्या संस्थेच्या स्पर्धांमध्ये तो फार निगुतीने लिहिला जातो. प्रश्न मोठ्याने वाचला जात असताना उत्तर सुचेल त्याने मध्येच बझर दाबायचा. बरोबर आलं तर 10 गुण. प्रश्न संपायच्या आत घाई करून चुकलात तर 5 वजा. म्हणून सर्वांत अवघड धागा आधी येतो आणि सर्वांना ठाऊक असलेला शेवटी.

या घाटाचा एक प्रश्न मी रचून पाहिला आहे:

‘याच्या एका कथेत आइसलंडमधल्या मुलाची आई पिशाच्चाला बोलावते आणि ते चंद्रावरच्या जगाचं वर्णन करतं. नववर्षाची भेट म्हणून लिहिलेल्या पुस्तिकेत याने हिमकणाला सहाच कोन का, असं विचारलं. तिथेच गोळे जास्तीत जास्त दाट कसे रचावेत याबद्दल केलेलं अनुमान टॉमस हेल्सने सिद्ध केलं. पाच नियमित घनाकृती एकात एक बसवून याने ग्रहांमधली अंतरं उलगडू पाहिली. 10 गुणांसाठी सांगा, टायको ब्राहेची मंगळाची निरीक्षणं वापरून ग्रहगतीचे नियम मांडणारा हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ कोण?’

उत्तर योहानेस केप्लर. पाठ्यपुस्तक केप्लरच्या नावापासून सुरू होऊन तीन नियमांपाशी थांबतं. हा प्रश्न उलट्या वाटेने येतो: आधी त्याची कल्पनाशक्ती, मग कुतूहल, मग त्याची भव्य चूक, आणि परीक्षेत विचारतात ते सगळ्यांत शेवटी. ज्याने केप्लर परीक्षेपुरता वाचला, तो शेवटच्या ओळीत पोहोचतो. ज्याला तो आवडला, तो पहिल्याच वाक्यात.

पहिल्या वाक्याचं सौंदर्य त्यात न आलेल्या गोष्टींत आहे. ‘सोम्नियम’ या त्या कथेतला मुलगा टायको ब्राहेकडेच शिकलेला असतो. ते लिहिलं असतं तर प्रश्न तिथेच उघडा पडला असता. केप्लरच्या आईवर चेटकीण म्हणून खटला झाला आणि मुलाने तिचा बचाव केला, हेही सांगायचा मोह होतो. 1620 मध्ये तिला अटक झाली, 1621 मध्ये ती सुटली. कथेतल्या त्या आईचाच दाखला लोकांनी घेतला असावा, ही टोचणी केप्लरला लागून राहिली होती. इतकी हृद्य हकीकत मी गाळली, कारण ती कुठल्याही चरित्रपर टिपणात सापडते. पुस्तक उघडलेल्याला न्याय द्यायचा, तर पुस्तकातलाच तपशील हवा. सालंही म्हणूनच नाहीत. साल ऐकलं की जाणकार अंदाज बांधतो, आणि अंदाजाला गुण द्यावेत असं मला वाटत नाही.

कोडं घालणारा मुद्दाम चकवतो. इथे चकवायला सक्त मनाई आहे. पहिल्या वाक्यापासून प्रत्येक धागा त्या एकाच उत्तराला लागू पडला पाहिजे. ऐकणाऱ्याला ठाऊक नसलं तरी तो खोटा नसतो. या शिस्तीत लेखकाची नीती दिसते, आणि मला ती फार मोलाची वाटते.

टॉसअप जिंकणाऱ्या संघाला तीन भागांचा बोनस मिळतो. एक भाग सोपा, एक मध्यम, एक कठीण. तिथे मात्र संघातल्या चौघांनी कुजबुजून ठरवायचं. बोनसमध्ये रचनेपेक्षा मोजमाप जास्त, त्यामुळे मी त्यावर रेंगाळत नाही.

काही स्पर्धांत खेळणारे संघच आपापला प्रश्नसंच, म्हणजे पॅकेट, लिहून पाठवतात आणि संपादक तो घासूनपुसून घेतात. खेळणाऱ्यानेच लिहायचं, या प्रथेमुळे प्रश्नांना वाचनाचा वास राहतो. माझा प्रश्न अशा संपादकाकडे गेला, तर त्याची पेन्सिल हेल्सच्या नावावर थांबेल. गणिताच्या विद्यार्थ्याला ‘केप्लरचं अनुमान’ याच नावाने ते माहीत असतं. हिमकणांवरची पुस्तिका वाचलेल्याला जेमतेम अर्ध्या वाक्याची सवड मिळते आणि मग बझर वाजतो. हेल्स घनाकृतींच्या नंतर जायला हवा, आणि त्या मोकळ्या जागेत हिमकणांबद्दल आणखी एक ओळ.