पडद्यावरचे वास्तव, कॅमेऱ्यासमोरची मुले

महानगरातल्या बिथरलेल्या किशोरांवरचे चित्रपट वादात सापडतात ते बहुधा एकाच प्रश्नावरून: इतके दाखवायला हवे होते का? लुई बुन्युएल यांच्या 'लोस ओल्विदादोस'मध्ये (१९५०) मेक्सिको सिटीची उनाड पोरे आंधळ्या वादकावर दगड भिरकावतात. देशाची बदनामी झाली म्हणून ओरड झाली आणि चित्रपट काही दिवसांतच उतरवला गेला. पुढच्या वर्षी कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाल्यावर तो पुन्हा लागला.

एक्तोर बाबेन्को यांच्या 'पिशोते'ने या प्रश्नाखालचा दुसरा, अधिक अवघड प्रश्न उघडा केला: कॅमेऱ्यासमोर आणलेल्या मुलांचे पुढे काय? बाबेन्को यांनी साओ पाउलोच्या गरीब वस्त्यांतली मुले घेतली. चित्रपटाच्या सुरुवातीला ते स्वतः झोपडपट्टीसमोर उभे राहून सांगतात की, नायकाची भूमिका करणारा फर्नांदो रामोस दा सिल्वा अशाच वस्तीत राहतो. सुधारगृह, पलायन, पाकीटमारी, खून असा पिशोतेचा प्रवास होतो. एका प्रसंगी तो सुएली या वेश्येच्या कुशीत आईची माया शोधतो आणि ती त्याला दूर लोटते. वास्तववादी चित्रपटात इतका निर्दय आणि इतका खरा क्षण क्वचितच सापडेल. चित्रपट जगभर गाजला. फर्नांदो मात्र वस्तीतच परतला आणि १९८७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला.

मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे!'साठी (१९८८) मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांची आधी कार्यशाळा घेतली गेली. चित्रपटाच्या मागोमाग अशा मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. 'पिशोते'च्या शेजारी ठेवल्यावरच या कामाचे मोल नीट कळते.

लॅरी क्लार्क यांचा 'किड्स' (१९९५) न्यूयॉर्कच्या स्केटबोर्डवाल्या पोरांचा एक दिवस दाखवतो. एचआयव्हीची लागण झाल्याचे कळलेली मुलगी ज्याच्याकडून ती लागण झाली त्या मुलाला शहरभर शोधते. हातात धरलेला कॅमेरा आणि अडखळते संवाद यांमुळे सारे आपसूक घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात पटकथा हार्मनी कोरीन यांनी एकोणिसाव्या वर्षी लिहून दिली होती. अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने सर्वांत कडक श्रेणी दिली. तेव्हा डिस्नेच्या मालकीच्या असलेल्या मिरामॅक्सला चित्रपट आपल्या नावाने लावता येईना, म्हणून वेगळी कंपनी काढावी लागली. निरीक्षण अस्सल आहे, यात शंका नाही. पण कॅमेरा कोवळ्या शरीरांवर गरजेपेक्षा अधिक रेंगाळतो, आणि आईबाप, शाळा, घरभाडे यांचा मागमूस जवळजवळ नाही. कारणे वगळून केवळ वर्तन दाखवणारे हे वास्तव अर्धेच राहते.

महेश मांजरेकर यांच्या 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा'ची (२०२२) गोष्ट वेगळी. जयंत पवार यांच्या कथेवरच्या या चित्रपटात गिरणगाव उद्ध्वस्त झाल्यानंतरची पिढी आहे. म्हणजे कारण कथेतच हजर होते. अल्पवयीन पात्रांच्या दृश्यांवरून ट्रेलरवर आक्षेप आले, प्रकरण न्यायालयात गेले. ते आक्षेप गैरलागू नव्हते. पण त्या गदारोळात गिरण्यांविषयी, त्या पोरांच्या हातून कोणते काम गेले याविषयी, फारसे कोणी बोललेच नाही.