परकीय भाषा म्हणून इंग्रजीचे अध्ययन : वैयक्तिक व्यूहनीती व तंत्रज्ञान यांची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात २००० साली मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. असे असूनही, ग्रामीण भागातून महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरात, शेतावर वा बाजारात इंग्रजी कानी पडत नाही. भारतात इंग्रजीला द्वितीय भाषा म्हणण्याचा प्रघात असला, तरी अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती परकीय भाषाच होय. ‘मोबाइलवर रोज थोडा सराव कर’, हा सल्ला त्याला सर्वत्र मिळतो. या सल्ल्यामागे अध्ययनाची कोणती कल्पना आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचा विकास

यशस्वी भाषा-अध्ययनकर्ता नेमके काय करतो, हा प्रश्न जोन रुबिन यांनी १९७५ मध्ये उपस्थित केला आणि संशोधनाचे लक्ष अध्यापनपद्धतीकडून विद्यार्थ्याकडे वळले. पुढे रिबेका ऑक्सफर्ड यांनी १९९० मध्ये व्यूहनीतींचे सहा गट मांडले. स्मृतिविषयक, बोधात्मक आणि उणीव भरून काढणाऱ्या व्यूहनीती या प्रत्यक्ष. तर अधिबोधात्मक, भावनिक आणि सामाजिक या अप्रत्यक्ष. स्वतःच्या अध्ययनाचे नियोजन व परीक्षण करणे, भीतीवर मात करणे, इतरांना प्रश्न विचारणे या गोष्टी दुसऱ्या वर्गात मोडतात. शब्द पाठ करणे हा या व्यापक व्यवस्थेचा केवळ एक भाग आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ऑक्सफर्ड यांची प्रश्नावली मात्र वादग्रस्त ठरली. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या आवृत्तीत ५० विधाने असून, प्रत्येक कृती आपण किती वेळा करतो हे विद्यार्थ्याने नोंदवायचे असते. झोल्टान डोर्नेई यांनी २००५ मध्ये यावर मूलगामी आक्षेप घेतला. अनेक व्यूहनीती वारंवार वापरणारा विद्यार्थी अधिक चांगला असतोच असे नाही. मोजक्याच व्यूहनीती समजून वापरणारा त्याच्यापेक्षा सरस ठरू शकतो. वारंवारितेवरून गुणवत्ता ठरत नाही, हा या आक्षेपाचा गाभा होय.

तंत्रज्ञानाने केलेली निवड

हाच आक्षेप आजच्या भाषाशिक्षणाच्या ॲप्सनाही लागू पडतो. हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये वाढत्या अंतराने उजळणी करण्यासाठी शब्दपत्त्यांची पेटी सुचविली. २००६ मध्ये आलेल्या ‘आन्की’ने हे काम संगणकाकडे सोपविले, तर २०१२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘ड्युओलिंगो’ने त्याला खेळाचे रूप दिले. या साधनांची उपयुक्तता नाकारता येत नाही. पॉल नेशन यांच्या २००६ मधील अंदाजानुसार, इंग्रजी मजकूर कोणाच्या साहाय्याविना वाचण्यासाठी सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुले ठाऊक असावी लागतात. एवढा संचय उजळणीवाचून टिकणे कठीण आहे.

तथापि, सहा गटांपैकी जे यंत्राला सहज मोजता येते, तेच प्रामुख्याने यंत्राने उचलले. मराठीतील ‘करणे’ हे क्रियापद पाहावे. मराठीत गृहपाठही ‘करतात’ आणि चूकही ‘करतात’. इंग्रजीत मात्र गृहपाठासाठी ‘डू’, तर चुकीसाठी ‘मेक’ योजावे लागते. ‘डू म्हणजे करणे’ असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला पडद्यावर पूर्ण गुण मिळतात. आणि तोच विद्यार्थी वर्गात ‘आय डिड अ मिस्टेक’ म्हणतो. हा भेद स्वतः हेरून वहीत टिपणे आणि पुढच्या लेखनात तो जाणीवपूर्वक वापरून पाहणे, ही खरी वैयक्तिक व्यूहनीती होय. सलग किती दिवस सराव झाला या आकड्यात तिची नोंद होत नाही. याउलट, आज काय शिकायचे, कशाची उजळणी करायची आणि कोठे थांबायचे हे यंत्रच ठरवू लागले, तर अधिबोधात्मक व्यूहनीतींचा सराव विद्यार्थ्याला मिळतच नाही.

कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अनुभव येथे उद्बोधक आहे. अनेक वर्षे फ्रेंच ऐकून-वाचून उत्तम आकलन साधलेल्या मुलांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाचे दोष टिकून राहिले. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये भाषा-उत्पादनाचे महत्त्व प्रतिपादन केले. अलीकडची संवाद साधणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ही उणीव काही अंशी भरून काढतात. हसले जाण्याची भीतीही तेथे कमी असते. परंतु विद्यार्थ्याच्या वतीने निर्दोष परिच्छेद लिहून देणेही तीच साधने करतात. आपण साहाय्य कोणत्या टप्प्यावर मागावे, याचा विवेक ती आपोआप देत नाहीत.

‘वैयक्तिक’ या शब्दाची मर्यादा

मराठी वाचकाला स्वयंअध्ययन नवे नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्यांनी इंग्रजी गिरविले. तिच्या पद्धतीवर आक्षेप घेता येतील. पण तिने मराठीलाच आधार मानले आणि पूर्ण वाक्य रचण्याचे श्रम विद्यार्थ्याकडून करवून घेतले. आजच्या चर्चेत ‘वैयक्तिक’ या शब्दाला वेगळा अर्थ चिकटला आहे. साधन हाती दिले की संस्थेची जबाबदारी संपली आणि उरलेले अपयश विद्यार्थ्याचे, असा तो अर्थ होय. बोलण्याची संधी, चूक दाखविणारा वाचक आणि निर्भय वर्ग या गोष्टी कोणत्याही विद्यार्थ्याला एकट्याने निर्माण करता येत नाहीत. त्यांच्या अभावी आलेले अपयश तो स्वतःच्या बुद्धीचा दोष समजतो, ही यातील गंभीर बाब आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, शब्दांची उजळणी निःसंकोचपणे यंत्राकडे सोपवावी; मात्र व्यूहनीतीची निवड आणि तिचे परीक्षण यांचे शिक्षण वर्गात द्यावे. मराठी-इंग्रजी भेदांची वही, आठवड्याला एक स्वतंत्र परिच्छेद, त्यावर सहाध्यायी व प्राध्यापक यांची चर्चा, आणि त्यानंतरच यंत्राने केलेली दुरुस्ती ताडून पाहणे, एवढा क्रम कोणत्याही महाविद्यालयाला अल्प खर्चात राबविता येईल. विद्यार्थ्याने किती दिवस सराव केला याबरोबरच, आपली कोणती चूक त्याला स्वतःला ओळखता आली, हेही प्राध्यापकांनी विचारावयास हवे.